माहीत असलेलं वजन

कंपनीत तिला सगळे वहिनी म्हणत. साहेब म्हणायचे, फाटकावरचा पहारेकरीही म्हणायचा. मी तिच्यापेक्षा बराच मोठा, तरी मीही वहिनीच म्हणायचो, कारण तिचा नवरा माझ्या हाताखाली काम शिकला आणि पुढे मला भावासारखा झाला. ती मला काका म्हणायची. नात्याचा हिशेब कुठेच बसत नव्हता, पण त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.

आमचं काम पाळण्यांचं. उंच इमारत बाहेरून धुवायची, रंगवायची, काच बदलायची, तर गच्चीवरून तारेच्या दोरांनी एक लांबट पिंजरा खाली सोडतात. त्यात दोन माणसं उभी राहतात. त्याला आम्ही पाळणा म्हणतो. पाळणा टांगणं, दोर बदलणं, कप्प्यांना तेल देणं हे मी अंगात ताकद होती तोवर केलं. मग गुडघे म्हणाले पुरे, तेव्हा थांबलो.

तिच्या नवऱ्याला यार्डात उंट म्हणत. उंची तशी, चाल तशी, आणि रागावला की खालचा ओठही तसाच. कामाला मात्र चोख. दोर तपासायचा तर तो फडकं घेऊन पूर्ण लांबीवरून हात फिरवायचा. दोरातली एखादी तार तुटलेली असली की फडकं अडकतं. काही जण सुरुवातीचा आणि शेवटचा भाग पुसून मोकळे होतात. उंट मधलं सोडायचा नाही.

वहिनी शिंप्याची मुलगी. बापाच्या यंत्राशेजारी बसून मोठी झाली. शाळा संपल्यावर संगणकाचा वर्ग केला आणि आमच्या ऑफिसात नोंदी टाईप करायला लागली. कुठला पाळणा कुठे आहे, कुणी टांगला, कधी तपासला. पुढे त्या नोंदी ज्यात राहतात तो डेटाबेसही तिच्याकडे आला. तिला कुणी बसून शिकवलं नाही. तो बसवणारा माणूस दुरुस्तीला यायचा तेव्हा ही त्याच्या मागे उभी राहायची. तो म्हणायचा, "बाई, तुम्ही मागे उभ्या असलात की माझी बोटं चुकतात." ही म्हणायची, "चुकू द्या, दुरुस्त कसं करतात तेही बघते."

उंटाची आणि तिची ओळख ऑफिसच्या खिडकीशी झाली. मी त्याच्या शेजारी उभा होतो.

"मॅडम, तुमच्या मशीनच्या मते मी काल एकाच वेळी नदीच्या अलीकडे होतो आणि पलीकडेही होतो."

"नव्हतात का?" ती वर न बघता म्हणाली.

"उंच आहे हो, पण इतका नाही."

तेव्हा तिने मान वर केली. नेहमीपेक्षा जरा जास्तच वर करावी लागली. वर्षभरात लग्न झालं.

त्यांचं घर माझ्या घरासमोरच होतं. दोन खोल्या आणि एक अरुंद गच्ची. घरात तिघं: हा, ही आणि त्याची आई. स्वयंपाकघरात कपडे वाळत घालायला त्याने कप्पीवर चढणारी काठी बसवली. बसवून झाल्यावर वहिनी ओले कपडे घेऊन आली, तर म्हणाला, "थांब." पाण्याने भरलेली बादली आणून काठीला टांगली आणि आम्ही चहा पिऊन होईपर्यंत तशीच ठेवली.

त्याची आई म्हणाल्या, "अरे, कपडे वाळवायचेत, विहीर नाही खणायची."

"आई, बादलीचं वजन मला माहीत आहे. तुमच्या लुगड्यांचं नाही. आधी माहीत असलेलं वजन लावायचं. ते पेललं की मग बाकीचं."

हे त्याला मी शिकवलं होतं आणि मला माझ्या मिस्त्रीने. नवा सांधा, नवी कप्पी, नवा दोर, काहीही असो, पहिल्यांदा त्याच्यावर ज्याचा भार ठाऊक आहे ते टांगायचं. माणूस नंतर. वहिनीला हे घरात रोज ऐकून पाठ झालं होतं. पावाच्या डब्याला नवं कडं लावलं तरी ती विचारायची, "बादली आणू का?"

मग आमच्या कंपनीने नदीपलीकडची दोर विकणारी कंपनी घेतली. माणसं एक झाली, यंत्रं झाली नाहीत. त्यांचा सर्व्हर त्यांच्या गोदामात राहिला, आमचा आमच्या ऑफिसच्या मागच्या खोलीत. कुठलं रीळ कुठल्या लॉटचं, म्हणजे कारखान्याच्या कुठल्या खेपेचं, आणि कुठल्या साइटला गेलं, ते त्यांच्याकडे. तो दोर कुठल्या पाळण्याला लागला, ते आमच्याकडे. वहिनी बरेच दिवस तिकडची माहिती फाईलमध्ये काढून आणायची आणि इकडे ओतायची. आणेपर्यंत ती शिळी व्हायची. शेवटी तिने दोन्ही सर्व्हर जोडून घेतले.

ते कसं, हे तिने मला त्यांच्या गच्चीत सांगितलं. आमच्या सर्व्हरला त्या सर्व्हरचा पत्ता आणि किल्ली देऊन ठेवायची. मग इथे बसून एकच प्रश्न लिहायचा. त्या प्रश्नाला क्वेरी म्हणतात. आपला सर्व्हर स्वतःकडचं काढतो, नदीपलीकडच्याकडून त्याचं मागवतो, आणि दोन्हीकडे लॉट नंबर सारखा सापडला की ओळीला ओळ जोडून समोर ठेवतो.

उंट म्हणाला, "म्हणजे सासू आणि सून एकाच खोलीत बसवायच्या आणि दोघींना एकदम विचारायचं."

आतून आई म्हणाल्या, "मी ऐकते आहे."

"ऐकाच. दोघींचं जेवढं जुळेल तेवढंच खरं धरायचं."

"मग काहीच उरायचं नाही," वहिनी म्हणाली, आणि आईच पहिल्यांदा हसल्या.

मी म्हटलं, "आमचा दोर सांधण्यासारखंच झालं. इकडचे पीळ सोडवायचे, तिकडचे सोडवायचे आणि एकात एक ओवायचे."

"तसंच काका. फक्त तुमचा सांधा वाईट झाला तर डोळ्यांना दिसतो."

एवढं बोलून ती उठली आणि कपडे काढायला गेली.

*

अपघाताबद्दल थोडक्यात लिहितो. आरसा नावाची इमारत आहे. नाव आम्हीच ठेवलेलं, कारण पुढची बाजू पूर्ण काचेची. फार उंच नाही. उंट आणि त्याचा जोडीदार काचांच्या फटी भरत होते. एका बाजूचा दोर तुटला आणि पाळणा उभा झाला. जोडीदार पट्ट्याला लटकून राहिला. उंटाच्या पट्ट्याची कडी सुटली. ती का सुटली ते कुणाला कळलं नाही. दोर त्यानेच बसवला होता, हे सगळ्यांना माहीत होतं.

घर माणसांनी भरलं. वहिनी भिंतीशी बसली होती. कुणी पाणी दिलं की प्यायची, कुणी उठ म्हटलं की उठायची. शेजारची एक बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रडून घे गं, मोकळी हो."

"हो, घेते," वहिनी म्हणाली. दळण आणायला सांगितलं असतं तरी तिने त्याच आवाजात हो म्हटलं असतं.

लोक पांगल्यावर ती लगेच कामावर जायला लागली. आईंना विचारलं तर म्हणाल्या, "जाऊ दे. इथे बसून दोघी भिंतीच बघतो. तिला तिथे दुसरी भिंत तरी आहे." स्वयंपाक आईंनी हातात घेतला, कारण वहिनी गॅस पेटवायची आणि भांडं ठेवायला विसरायची.

तपासणीवाल्यांनी तुटलेला दोर कापून नेला. त्यांचं म्हणणं आलं की तार आतून कच्ची होती. बाहेरून कळण्यासारखं काही नव्हतं, फडकं फिरवूनही नाही. दोर कापून उकलला की गाभ्यात कारखान्याची खूण सापडते, तिच्यावरून त्यांनी एक लॉट नंबर दिला. त्या लॉटचा दोर जिथे जिथे असेल, तो काढायचा. तोवर आमचे सगळे पाळणे जमिनीवर आणले होते.

त्याच आठवड्यात कंपनीने उंटाची औजारं परत मागवली. वहिनीला ती पिशवी उचलवेना, म्हणून मी घेऊन गेलो. पाने, पक्कड, औजारांचा पट्टा, फडकी. पिशवी वजनाला भारी आणि मी आता हलका. दोनदा जिन्यात टेकवली.

वहिनी खुर्चीवर बसून काम करत होती. बसून केलेल्या कामाला घाम येत नाही, म्हणून कष्टाचे लोक ते काम धरत नाहीत. मी मानेकडे बघतो. तिची मान आणि खांदे ओझं उचलणाऱ्याचे असतात तसे ताणलेले होते. समोरच्या चहावर साय धरली होती. टेबलाखाली चप्पल एका पायात होती, दुसरी लांब पडली होती.

"बसा काका. एवढं चालवते आणि तुमची पावती करते."

तिने क्वेरी लिहिली होती. हा लॉट, त्या सर्व्हरवरून. तो ज्या पाळण्यांवर आहे ते, या सर्व्हरवरून. तिने बटण दाबलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग ओळी आल्या. एका पानात मावतील एवढ्याच. प्रत्येक ओळीत इमारत, पाळणा, तारीख, बसवणाऱ्याचं नाव. स्वच्छ यादी. तिने छापली आणि साहेबांच्या खोलीत नेली. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"एवढेच?" साहेब म्हणाले.

"एवढेच जुळले."

"वा. मला वाटलं निम्मे तरी असतील." खुर्ची करकरली. "हे ठेवतो खाली. बाकीचे चढवतो. वहिनी, लोक फोन करून माझा जीव खातायत हो. नव्या दवाखान्याचे तर सकाळपासून पाळण्यापाशीच उभे आहेत."

साहेब माणूस वाईट नव्हता. त्या दिवसांत त्याचीही दाढी वाढली होती. त्याने फोन उचलला आणि एकेका साइटला सांगायला लागला की चढा.

वहिनी परत आली. खुर्चीत बसली. पिशवीतली औजारं एकेक करून टेबलावर मांडली आणि पावती लिहायला घेतली. कुणाची औजारं, कुठली, किती. खाली एक रकाना असतो, शेवटची साइट. तिने लिहिलं: आरसा.

पेन तिथेच राहिलं.

मला वाटलं आता हिला भरून येणार. मी पाण्याचा पेला पुढे केला. तिने तो बघितलाच नाही. पेन ठेवलं, स्क्रीनवरच्या यादीत आरसा टाईप केलं आणि शोधायला लावलं. काही सापडलं नाही. तिने यादी वरून खाली बोट ठेवून वाचली. मग खालून वर वाचली.

"काका, यात हे नाहीत."

"कोण हे?"

"हे."

मी म्हटलं, "त्याचा पाळणा उतरवला ना वहिनी. तपासणीवाल्यांनी नेला."

"पाळणा नेला. नोंद कुठे नेली?" आवाजात चढ नव्हता, उतार नव्हता. "त्यांच्या दोरामुळेच तर हा लॉट नंबर कळला. मग त्या लॉटच्या यादीत सगळ्यांत आधी ते पाहिजेत. ते नाहीत, म्हणजे यादी धरत नाही."

मला समजायला वेळ लागला नाही. ही आमचीच रीत होती. नवा सांधा केला, ठाऊक असलेलं वजन लावलं, आणि सांध्याने ते पेललं नाही. मग त्यावर माणूस कसा चढवायचा?

ती उठली. एका पायात चप्पल, तशीच साहेबांच्या दारात गेली.

"साहेब, थांबवा."

"काय थांबवू?"

"सगळं. यादी चुकली आहे. आरसा यात नाही."

"वहिनी..." साहेबांनी फोनवर हात ठेवला. आवाज मऊ केला. "बसा बघू. आरसा कसा असेल त्यात? ते प्रकरणच वेगळं झालं. तुम्ही आज घरी गेलात तरी चालेल."

"घरी जाईन. आधी थांबवा. आरसा गळला तसे आणखी कुठले गळले असतील ते मला अजून माहीत नाही."

साहेब तिच्याकडे बघत राहिले. मग तिच्या पायाकडे त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी फोनवरचा हात काढला आणि पलीकडच्या माणसाला म्हणाले, "चढू नका. मघाशी काय म्हणालो ते सोडा, चढू नका."

एकेक साइटला उलटा निरोप गेला. नव्या दवाखान्यावर फोन कुणी उचलेना. पाळण्यात चढताना आम्ही फोन खाली ठेवतो. हातातून सुटला तर खालच्याच्या डोक्यात जातो, म्हणून तसा नियमच आहे. याचा अर्थ ती दोघं वर होती.

"तिथल्या पहारेकऱ्याला लावा," मी म्हटलं. "फाटकावर नंबर असतो."

साहेबांनी तो नंबर शोधायला घेतला. वहिनी तोवर आपल्या जागेवर जाऊन बसली होती.

तिने क्वेरीत एक शब्द बदलला. मला म्हणाली, आधी मी सांगितलं होतं की दोन्हीकडे जुळेल तेवढंच दे. आता सांगते की आपल्याकडची एकही ओळ टाकू नकोस, पलीकडे जोडीदार नसला तर तिथे मोकळी जागा दाखव. बटण दाबलं. यादी आली ती लांबच लांब. आणि तिच्यात बऱ्याच ओळींची उजवी बाजू मोकळी. डाव्या बाजूला, जिथे लॉट नंबर असायला हवा, तिथे आकडा नव्हताच. शब्द होते.

बँकेचा तुकडा. गोल जिना. बँकेचा तुकडा. दवाखाना उरलेला.

मी ते वाचलं आणि मला कळलं. वहिनीलाही कळलं, कारण घरात हेच शब्द तिने जेवताना ऐकले होते.

दोराचं रीळ साइटवर जातं. रिळाला पत्र्याची चकती असते, तिच्यावर लॉट नंबर. पाळणा टांगून झाल्यावर रिळावर दोर उरतो. चांगला दोर कुणी टाकत नाही. त्याचं वेटोळं करून यार्डात आणतात. चकती रिळाबरोबर जाते, वेटोळ्याला राहत नाही. मग ज्या इमारतीवरून तो उरला तिचंच नाव त्याला लागतं. बँकेचा तुकडा, दवाखान्याचा तुकडा. कमी उंचीच्या इमारतीला तो पुरतो. बसवणारा नोंद करताना लॉटच्या रकान्यात काय लिहिणार? जे त्याला माहीत आहे ते लिहितो. मी कामाला लागायच्या आधीपासून हे असंच चालू आहे, आणि यार्डात कुणालाही विचारा, बँकेचा तुकडा म्हटलं की तो बोट दाखवून सांगेल. नदीपलीकडचं यंत्र बोट दाखवू शकत नव्हतं. आमच्या सर्व्हरने त्या ओळी जुळल्या नाहीत म्हणून सोडून दिल्या, आणि सोडल्या हे सांगितलंही नाही.

तिने यादी पुढे सरकवली. आरसा आला. तारीख आली, बसवणाऱ्याच्या रकान्यात उंटाचं खरं नाव आलं, जे आम्ही कुणी कधी वापरत नव्हतो. आणि लॉटच्या रकान्यात लिहिलं होतं:

दवाखान्याचा तुकडा. चांगला आहे.

बाकीच्यांनी नुसतं इमारतीचं नाव टाकलं होतं. हा फडकं फिरवून बघणारा. बघितलं, ते लिहिलं.

वहिनीने ती ओळ वाचली. मी तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि खिडकीकडे बघितलं. ऐकू येत होतं ते साहेबांचं, पहारेकऱ्याशी. "अरे, ओरड ना वर. शिट्टी मार. डबा वाजव, काहीही कर."

"काका," ती म्हणाली, "दवाखाना म्हणजे जुना की नवा?"

"त्या सुमाराला जुनाच होता. नव्याचं काम नंतर निघालं."

"गोल जिना?"

"नदीकडची इमारत. आत जिना गोल आहे. खाली कपड्यांचं दुकान होतं."

"म्हातारी?"

"म्हातारी मला माहीत नाही." खरंच नव्हती. मी थांबल्यानंतरचं नाव असावं. तिने यार्डात फोन लावला. तिकडून कुणीतरी सांगितलं की शाळेची मागची इमारत, सारखी गळते म्हणून म्हातारी. तिने संगणकात एक छोटा तक्ता केला. एका बाजूला आमची नावं, दुसऱ्या बाजूला कंपनीची नावं. मग क्वेरीला सांगितलं की आकडा नसेल तिथे आधी या नावावरून इमारत शोध, त्या इमारतीला पलीकडून कुठल्या लॉटचं रीळ गेलं ते बघ, आणि मग जोड. ज्या इमारतीला दोन लॉट गेले होते तिथे तिने साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "शंका असेल तो खालीच. विचारू नका, सरळ धरा."

ती सलग लिहीत होती. एकदाही पाठ टेकवली नाही. चुकलं की खोडायची, पुन्हा लिहायची. तोंडावर काही नव्हतं. मी माझ्या आयुष्यात जड कामं करणारी पुष्कळ माणसं बघितली. ओझं जड झालं की माणूस शिव्या देतो, कण्हतो, नाहीतर देवाला हाक मारतो. हिने तेवढाही आवाज केला नाही.

बटण दाबलं. यादी आली. तिने पहिल्यांदा शोधलं ते आरसा. होता.

"आता धरते," ती म्हणाली.

मग बाकीची वाचली. आधीच्या पानावर होते ते सगळे होते, आणि त्यांच्या जोडीला तितकेच नवे. त्यांत नव्या दवाखान्याचा मागचा पाळणा. एका बाजूला गोल जिन्याचा तुकडा.

ती साहेबांच्या दारात गेली तेव्हा ते फोन कानाला लावून उभे होते, ऐकत होते. पलीकडे पहारेकरी वर बघून ओरडत असावा. साहेबांनी एकदा डोळे मिटले. मग म्हणाले, "उतरले? दोघंही? पाय जमिनीवर आहेत का, ते सांग. बरं. त्यांना म्हणावं, पाळण्याला हात लावू नका."

फोन ठेवून ते खुर्चीत बसले. वहिनीने कागद पुढे ठेवला. "यात आहे," ती म्हणाली. "नवा दवाखाना, मागचा."

साहेबांनी कागदावर हात ठेवला. "वहिनी, तुम्ही आता घरी जा," ते म्हणाले.

"पावती राहिली आहे."

तिने येऊन पावती पूर्ण केली. सही घेतली, माझ्या हातात एक प्रत दिली. मग खाली वाकून दुसरी चप्पल शोधली.

काही दिवसांनी तो गोल जिन्याचा दोर यंत्रावर ओढून बघितला. जेवढा भार पेलायला हवा होता, त्याच्या कितीतरी आधी तुटला. साहेबांनी मुद्दाम घरी येऊन वहिनीला सांगितलं. दवाखान्यावरचे ते दोघंही मागे उभे होते. एकाने हात जोडले, दुसऱ्याला काय करावं ते सुचेना, तो चपला काढत राहिला.

"बरं झालं," वहिनी म्हणाली. "बसा."

*

त्यानंतर तुकड्यांनाही चकत्या लागल्या. वेटोळं बांधतानाच नंबर ठोकायचा, नाहीतर यार्डात घ्यायचं नाही. उरलेल्याला इमारतीचं नाव लावणं बंद झालं. जुनी माणसं बोलताना अजून बँकेचा तुकडा म्हणतात, लिहिताना नाही.

वहिनी ती क्वेरी दर महिन्याला चालवते. पुढे आणखी खराब लॉट निघाले, शहराबाहेरचं एक गोदाम आलं, तिसरा सर्व्हर जोडला गेला. प्रत्येक वेळी ती आधी जुन्या लॉटवर चालवून आरसा येतो का बघते. आला की मग नवा नंबर घालते.

साहेब बदलले. नवे आले ते नीटनेटके. म्हणाले, बंद झालेल्या साइटच्या नोंदी काढून टाकू, उगाच जागा अडते. वहिनीने सगळ्या काढल्या, एक ठेवली.

"ही का ठेवली?"

"तोलायला."

त्यांना काही कळलं नसावं. यार्डातल्या कुणीतरी नंतर समजावलं असेल. पुन्हा विचारलं नाही.

लोक मला अजून विचारतात की ती कधी रडली की नाही. मी समोर राहतो म्हणून विचारतात. मला माहीत नाही. दार बंद असतं तेव्हा मी कान लावत नाही. मला दिसतं ते एवढंच: सकाळी वेळेवर जाते, संध्याकाळी वेळेवर येते, कपड्यांची काठी कप्पीवर चढवते आणि दोरी खुंटीला दोनदा गुंडाळते, त्याने शिकवलं तशी.

परवा महिन्याचा शेवट होता, वहिनीचा क्वेरी चालवायचा दिवस. मी त्यांच्याकडे आईंना पेपर वाचून दाखवत बसलो होतो. त्यांना आता दिसत कमी. वहिनी आली आणि दारात चप्पल काढत होती.

आई आतूनच म्हणाल्या, "आला का गं?"

"आला."

"मग हात धू. भाजी गार होतेय. काका, तुम्हीही उठा, पेपर काय पळून जातोय?"